स्वप्रकाशित कादंबरी आणि गावोगावची ग्रंथालये : अनुभवाचे बोल

स्वप्रकाशन, म्हणजे छपाईचा खर्च आणि विक्रीची जबाबदारी ही दोन्ही लेखकानेच उचलणे, या मार्गाने आलेल्या कादंबरीला वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावातून मोठ्या शहरांतील वितरकांपर्यंत पोहोचणे अवघड जात असल्यामुळे, लेखकाची पहिली नजर साहजिकच जवळपासच्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे वळते. तथापि ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तकाला जागा मिळणे आणि ते वाचकाने घरी नेणे या दोन निराळ्या गोष्टी असून, पहिली साधली की दुसरी आपोआप साधते या समजुतीपायीच बहुतेक लेखकांचे पैसे, प्रती आणि उमेद खर्ची पडते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 नुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असून, त्यांना परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीचे वार्षिक शासकीय साहाय्य, हप्त्यांनी मिळते. ड वर्गाचे हे अनुदान 2022 च्या वाढीनंतर वर्षाला 30,000 रुपयांवरून 48,000 रुपयांवर गेले. परंतु त्यातील सुमारे निम्मा भाग वेतनाकडे जातो आणि उरलेल्या रकमेतच वृत्तपत्रे, नियतकालिके, वीज व ग्रंथखरेदी भागवावी लागते, हे ध्यानात घेतल्यास ग्रंथपालाच्या नकारामागे पुष्कळदा कादंबरीविषयीचे मत नसून रिकामी तिजोरी असते, हे उमगते. म्हणून अनुदानाचा हप्ता केव्हा येतो याची आधी चौकशी करावी, सुटीचा दर लेखी कळवावा, हिशेब तपासणीत चालेल असे रीतसर देयक द्यावे आणि पैसे हाती येईपर्यंत ती प्रत विकली गेली असे मानू नये.

कागदपत्रांची तयारी छपाईपूर्वीच व्हावी. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक ग्रंथाला मिळणारा 13 अंकी आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजण्याचे कारण नाही. पुस्तक वितरण अधिनियम, 1954 नुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचे प्रकाशकाचे कर्तव्य स्वप्रकाशकालाही लागू होते. ग्रंथालय संचालनालयाच्या ग्रंथनिवड यादीसाठीही मुदतीत प्रत सादर करावी. मात्र यादीत नाव येणे ही शिफारस असते, खरेदीचा आदेश नव्हे.

सर्वांत महाग धडा भेट प्रतींचा असतो. दिसेल त्या ग्रंथालयाला प्रत भेट दिली की तिची दाखल नोंदवहीत नोंद होते आणि आभाराचे पत्रही येते, पण फुकट मिळालेल्या पुस्तकाची दुसरी प्रत विकत घेण्याचे ग्रंथालयाला कारण उरत नाही, आणि ज्याची शिफारस कोणी करत नाही असे पुस्तक देवघेवीच्या नोंदीत, म्हणजे सभासदांनी नेलेल्या पुस्तकांच्या हिशेबात, क्वचितच उमटते. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयीचे आहे, आणि गावात हे काम प्रामुख्याने ग्रंथपालच करतो. यास्तव पहिली प्रत त्याला वाचण्यासाठी द्यावी आणि कादंबरी कोणत्या सभासदांना रुचेल हे त्याच्याकडूनच जाणून घ्यावे.

वाचकांशी भेटीचा कार्यक्रमही शेतीचे वेळापत्रक पाहून ठरवणे इष्ट होय. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन निमित्त म्हणून सोयीचा असला, तरी या भागात ते दिवस सोयाबीनच्या काढणीचे असल्यामुळे सभागृह रिकामे राहण्याचा संभव मोठा असतो. त्यापेक्षा दिवाळीनंतरची एखादी संध्याकाळ निवडून, सत्कार व भाषणे आटोपशीर ठेवून, कादंबरीतील एक प्रकरण वाचून दाखवणे अधिक फलदायी ठरते.

काही महिन्यांनी ग्रंथालयात पुन्हा जाऊन ती प्रत किती सभासदांनी नेली हे ग्रंथपालाकडून समजून घ्यावे. प्रत फिरत असेल, तर शेजारच्या गावच्या ग्रंथपालाला सांगण्यासाठी तो आकडा कोणत्याही प्रसिद्धीपत्रकापेक्षा उपयोगी असतो. फिरत नसेल, तर पुढच्या गावी गठ्ठा नेण्यापूर्वी तिथल्या वाचकांना काय वाचायला आवडते याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.