आठ तारांपैकी एक

मिरजेतलं आमचं घर जुनं, भिंती हातभर जाड. खाली यांचा स्टुडिओ, माडीवर माझं आणि जाऊबाईंचं एडिटिंग. हे लग्नाचे फोटो काढतात, मी ते निवडून रंग जुळवते, जाऊबाई अल्बमची शीटं लावतात. एवढ्या वर्षांत कॉम्प्युटरवर बरेच पैसे घातले, त्यातले निम्मे भलत्याच जागी. त्याचा हा हिशोब.

१. दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजर उघडा.

२०१८ च्या लग्नसराईत माझा कॉम्प्युटर असा रखडायला लागला की पुढचा फोटो स्पष्ट दिसेपर्यंत मी खाली जाऊन फोडणी टाकून यायचे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, चांगलं ग्राफिक्स कार्ड टाका." टाकलं. फोडणी तशीच चालू राहिली. मग जाऊबाईंच्या मुलाने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १५ टक्क्यांवर निवांत, कार्ड झोपलेलं आणि हार्ड डिस्क १०० टक्के. "काकू, सगळे डिस्कसाठी खोळंबलेत." तो तेव्हा बारावीत होता, पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचा शब्द चालतो.

फिरत्या डिस्कला एकच मोठी फाइल सलग वाचायला सांगा, ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी सहज देते. पण मी ज्यात फोटो निवडते त्या लाइटरूमला एकाच वेळी हजारो बारीकसारीक प्रिव्ह्यू लागतात. ते शोधताना डिस्कची सुई नुसती इकडून तिकडे धावत राहते. विंडोज, लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची आणि त्यांवरच्या कामाची नोंदवही, आणि प्रिव्ह्यू हे सगळं एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर हलवलं. एसएसडी त्या कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडली, हे मी यांना बरेच दिवस सांगितलं नाही.

२. कार्डाची वेळ नंतर आली.

तेव्हा लाइटरूम कार्डाला फारसं काम देत नव्हतं. २०२३ मध्ये त्यात एआयचं डिनॉइज आलं आणि चित्र पालटलं. मंगल कार्यालयाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात काढलेले, दाणे आलेले फोटो ते स्वच्छ करतं, पण त्याचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. आता मी नवं कार्ड घेतलंय आणि त्याचं दुःख नाही.

३. रॅम किती हवी, ते शीटला विचारा.

आमचं नेहमीचं शीट १२ बाय ३६ इंचाचं. ३०० डीपीआयला ते ३६०० बाय १०८०० पिक्सेल होतं, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. पूर्ण शीटभर पसरलेला साधा आठ बिटचा एक लेयर सुमारे ११७ एमबी खातो. जाऊबाईंना फुलं, मोती, धूसर पार्श्वभूमी हे सगळं लागतंच. दहा-बारा लेयर झाले की आठ जीबी रॅमची दमछाक होते आणि फोटोशॉप उरलेलं डिस्कवर लिहायला लागतं. त्यांच्या कॉम्प्युटरला ३२ जीबी घातली, १६ च्या दोन पट्ट्या. एकच ३२ ची पट्टी घेऊ नका. दोन असल्या की दोन्हीकडून एकदम ये-जा होते.

४. दोन कॉम्प्युटर जोडले म्हणजे औताला दोन बैल जुंपले असं नाही.

यांची समजूत तीच होती. एका फोटोवर दोघांचं बळ लागत नाही. फायदा कामाच्या वाटणीत आहे. साडेतीनशे फोटो जेपेग करून बाहेर काढायचे तर प्रोसेसर पूर्ण अडकतो आणि माझा हात थांबतो. हे काम मी खालच्या कॉम्प्युटरवर ढकलते आणि वर पुढचं लग्न उघडते. जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी त्याला हे काम देऊन बघा.

५. तार मोजून घ्या.

सुरुवातीला वायफायवर भागवलं. आमच्या भिंतींपुढे ते टिकलं नाही. जिन्यात सिग्नल, खोलीत नाही. मग जिन्याच्या कडेने लॅन केबल ओढली, दोन्हीकडे गिगाबिटचे पोर्ट, मध्ये गिगाबिटचा स्विच. तरी फोटो वर यायला युग लागायचं. यांच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल सुमारे २८ एमबीची. लग्नाचे तीन हजार फोटो म्हणजे ८४ जीबी. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळायला हवेत. आम्हाला ११ मिळत होते. दोन तासांच्या वर जायचे. आम्ही स्विच बदलला, अँटिव्हायरस बंद करून पाहिला, खालच्या कॉम्प्युटरला शिव्या दिल्या.

शेवटी पोराने विंडोजमध्ये जोडणीचा वेग बघितला. तिथे १०० मेगाबिट लिहिलं होतं, १००० नाही. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० च्या वेगाला त्यातल्या चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. वायरमनने जॅक दाबताना तपकिरी तार नीट बसली नव्हती, त्यामुळे दोन्हीकडची यंत्रं गुपचूप खालच्या वेगावर आली होती. जोडणी तुटली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. चालत होती, म्हणून तीन महिने कुणी तिच्याकडे बघितलं नाही. नवा जॅक दहा-वीस रुपयांचा. तो बसवल्यावर ८४ जीबी तेरा मिनिटांत वर आले.

केबल घेताना ती शुद्ध तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण जिन्याच्या वळणावर ती लवकर मोडते. नाव कॅट ६ च छापलेलं असतं.

६. कॅटलॉग मात्र आपल्याच कॉम्प्युटरवर.

फोटो खालच्या डिस्कवर राहिले तर चालतं. कॅटलॉग नेटवर्कवर ठेवायला गेलो तर लाइटरूमने उघडायलाच नकार दिला. त्यामुळे एकच कॅटलॉग जाऊबाई आणि मी एकदम वापरू, हा आमचा बेत तिथेच संपला. त्याऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू बनवून घेते. लांब बाजूला २५६० पिक्सेलच्या या छोट्या प्रती असतात. खालचा कॉम्प्युटर बंद असला तरी रंग जुळवता येतात, फक्त शेवटी मूळ फाइल लागते.

७. आरसा म्हणजे प्रत नव्हे.

दोन्ही कॉम्प्युटरवरचं फोल्डर आपोआप सारखं राहील, अशी सोय आम्ही केली होती. एका रविवारी यांनी जागा करायला खालचं एक फोल्डर उडवलं, आणि सोयीने आपलं काम चोख केलं: वरचंही उडवलं. जत भागातल्या एका लग्नाचं सगळं काम! मेमरी कार्डं अजून फॉरमॅट केली नव्हती म्हणून अब्रू वाचली. आता तिसरी डिस्क माझ्या माहेरी कपाटात असते, महिन्यातून एकदा येते-जाते. आणि अल्बम पोचल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

८. पुढची खरेदी.

यंदा पोरगं २.५ गिगाबिटचा स्विच घ्या म्हणत होतं. पण खाली फोटो ज्या डिस्कवर आहेत ती अजून फिरतीच आहे. तिच्याकडून दीडशेच्या वर काही यायचं नाही, मग वाट रुंद करून काय होणार? ते त्यालाही पटलं. त्या पैशांत पाठीला आधार देणाऱ्या दोन खुर्च्या आणल्या. जाऊबाई आता पाचऐवजी आठ तास बसतात आणि खाली उतरताना कमरेवर हात ठेवत नाहीत.