रामटेकच्या गडावरची जुनी देवळे

नागपूरहून जबलपूरच्या सडकेने निघाले की मनसर लागते. तिथून उजव्या हाताला वळले की रामटेकचा गड दिसू लागतो. नागपूरपासून हे अंतर पंधरा कोस, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर. पूर्वी लोक बंड्या जुंपून कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला येत. आता एस.टी.ने येतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी हा गड पाहिलाच असेल.

आम्हीही लहानपणापासून जात आलो. अंबाळ्यात पाय धुतले, पायऱ्या चढलो, रामाचे दर्शन घेतले, माकडांना चणे टाकले अन् खाली उतरलो. भिंतीकडे कुणी पाहिले? आम्ही तरी पाहिले नव्हते. मागल्या कार्तिकात आमच्या वर्गातली दहाबारा मंडळी घेऊन आम्ही पुन्हा वर गेलो. या वेळी ठरवूनच गेलो, की आज देवाबरोबर देऊळही पाहायचे.

राम, लक्ष्मण आणि सीता वनवासात इथे राहिले, असे लोक मानतात. त्यावरून या जागेला रामगिरी म्हणत. दुसरे एक जुने नाव आहे सिंदूरगिरी. हे नाव का पडले ते तिथला दगड फोडल्यावर कळते. आतून तो तांबूस निघतो, शेंदरासारखा. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारले, त्याच्या रक्ताने दगड लाल झाला, अशी कथा आहे. दगडात लोखंडाचा अंश असला म्हणजे तो लाल दिसतो, हेही खरे आहे.

गडावरची सर्वांत जुनी देवळे रामाची नाहीत, बरं का. ती नरसिंहाची आहेत. एकाला केवल नरसिंह म्हणतात, दुसऱ्याला रुद्र नरसिंह. ती सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची आहेत. त्या वेळी विदर्भात वाकाटक राजे राज्य करीत. त्यांची राजधानी नंदिवर्धन. आज आपण जिला नगरधन म्हणतो, तीच ही जागा. रामटेकपासून ती अगदी जवळ आहे.

या घराण्यात प्रभावतीगुप्ता नावाची राणी होऊन गेली. ती उत्तरेकडच्या चंद्रगुप्त राजाची मुलगी. तिचा नवरा रुद्रसेन लवकर वारला. मुले लहान होती. तेव्हा तिने स्वतः राज्याचा कारभार पाहिला. दानपत्रे तिच्या नावाने निघाली. त्यांपैकी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेल्या ताम्रपटात लिहिले आहे, की हे दान रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी दिले. म्हणजे राणी या गडावर येत असे. अलीकडे २०१५ ते २०१८ या वर्षांत नगरधनला खोदकाम झाले. त्यात मातीवर उठवलेली एक मुद्रा निघाली. तिच्यावर याच राणीचे नाव आहे. सोळाशे वर्षे ते नाव मातीखाली पडून होते.

केवल नरसिंहाच्या देवळातली गोष्ट याहून नवलाची आहे. तिथे भिंतीवर वर्षानुवर्षे चुना लागत होता. थरावर थर चढले. १९८० नंतरच्या काळात तो चुना काढला, तर खालून अक्षरे निघाली! मंडपाच्या भिंतीत एक लांब लेख होता. अक्षरे पुष्कळ झिजली होती. तरी विद्वानांनी जमेल तेवढी वाचली. त्यात राणीच्या घराण्याची हकिकत आहे. सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख आहे. चुना लावणारांनी काही वाईट मनाने लावला नव्हता. देवाचे घर पांढरे दिसावे, एवढीच त्यांची इच्छा. पण त्यांना वाचता येत नसावे, नाहीतर त्यांनी ती भिंत वगळली असती, असे आम्हाला वाटते.

इथला नरसिंह पाहण्याजोगा आहे. तो पोट फाडणारा, रागीट नाही. एक गुडघा वर करून ऐटीत बसला आहे, हातात चक्र आहे. पाटील ओट्यावर बसतात तसा. गडावर एक दगडी वराहही आहे, डुकराच्या रूपातला विष्णू. चांगला मोठा आहे. पापी माणूस त्याच्या पोटाखालून निघू शकत नाही, असे लोक म्हणतात. आमच्यातले एक जाडसर गृहस्थ अडकले. मंडळी हसली. पापापुण्याचा तिथे काही संबंध नव्हता, भाकरीचा होता.

पुढे गोकुळ दरवाजा लागतो. त्याच्या आत लक्ष्मणाचे आणि रामाचे देऊळ. आधी लक्ष्मण, मग राम. ही देवळे यादव राजांच्या काळातली. लक्ष्मणाच्या देवळाच्या भिंतीत एक मोठा संस्कृत लेख आहे. तो रामचंद्र यादवाच्या वेळचा. या राजाने १२७१ ते १३११ पर्यंत राज्य केले. म्हणजे ज्ञानेश्वर महाराज होते, तोच काळ. लेखात या गडावरची तीर्थे आणि देवस्थाने सांगितली आहेत. नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी हा लेख वाचून छापला.

इथे आमच्या वर्गातले एक आजोबा भिंतीशी डोळे लावून उभे राहिले. वय सत्तरीचे, अक्षरओळख दोन वर्षांची. म्हणाले, "गुरुजी, हे 'म' आहे का जी?" आम्ही पाहिले. होते! सातशे वर्षांपूर्वीची नागरी लिपी आपल्या लिपीची आजीच. पुष्कळ अक्षरे ओळखू येतात. मात्र त्या वेळी दोन शब्दांत जागा सोडत नसत. सगळी ओळ एकसलग. अन् काही मात्रा अक्षराच्या डोक्यावर देण्याऐवजी अक्षराच्या आधी उभी रेघ ओढून देत. तिला पडिमात्रा म्हणतात. म्हणून वाचताना गोंधळ होतो. आजोबांना दुसरे अक्षर काही लागले नाही. पण ते तिथून लवकर हललेही नाहीत.

आता ही देवळे बांधली कशी, ते पाहू. यादवांच्या काळच्या दगडी देवळांना आपल्याकडे हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत हा यादवांचा मोठा कारभारी. पण प्रत्येक जुने देऊळ त्याने बांधले असे नाही. त्याच्या जन्माआधीची देवळेही लोक त्याच्याच नावावर घालतात. या बांधणीत दोन दगडांच्या मध्ये चुना नसतो. पाथरवट छिन्नीने दगड असा घासून बसवतो, की सांध्यात नखही जाऊ नये. सारे देऊळ आपल्याच वजनाने उभे राहते.

आपल्या घरात लाकडी मयाल असते. ओझे फार झाले की ती वाकते, कुरकुरते, आपल्याला सावध करते. दगडाची तुळई वाकत नाही. एकदम तडकते. म्हणून लांब तुळई घालून चालत नाही. खांब जवळजवळ घ्यावे लागतात. जुन्या देवळात खांबांची गर्दी दिसते, तिचे कारण हे.

मग मधल्या चौकोनावर छत कसे घालतात? चार खांबांवर चार तुळया ठेवतात. चौकोन झाला. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड तिरपे टाकतात. मधली जागा लहान झाली. त्यावर पुन्हा कोपऱ्यांत तिरपे दगड. जागा आणखी लहान. असे करत करत शेवटी एकच दगड पुरतो. त्या दगडावर बहुधा कमळ कोरतात. मान वर करून पाहिले म्हणजे फिरणारे चौकोन दिसतात. अंगणात विटा मांडून करून पाहा. मुलांनाही गंमत वाटेल. विटा दोन वेळा पडल्या म्हणजे पाथरवटाची किंमत कळते.

अशा देवळाला दोन शत्रू. पहिला पिंपळ. कावळ्याच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, रोप उगवते. बोटाएवढे असताना उपटले तर काही होत नाही. पण देवाचे झाड म्हणून ठेवले की मूळ आत शिरते आणि दगड फाकवते. मग ओढून काढले तर दगडच सुटतात. मोठे झाड जाणत्या माणसानेच काढावे. दुसरा शत्रू आपले प्रेम. वर्गणी जमली की गावकरी देवळाला सिमेंट थापतात, मूर्तींना तेलाचा रंग देतात. दगडात ओल शिरते, ती एरवी हळूहळू वाळून जाते. सिमेंटने आणि रंगाने तिची वाट बंद होते. ओल आतच राहते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. नाक, डोळे, अक्षरे सारे गळून जाते. रंगारी चांगला असला तरी हेच होते.

गडाची दुरुस्ती मागच्या लोकांनीही केली. नागपूरचे पहिले रघूजी भोसले १७५५ साली वारले. त्यांनी या देवस्थानाकडे फार लक्ष दिले. आज अशा जागांसाठी कायदा आहे. केंद्राचा १९५८ चा, महाराष्ट्राचा १९६० चा. सरकारने जपलेल्या देवळाला परवानगीवाचून हात लावता येत नाही. वावरात नांगराला ताम्रपट किंवा नाण्यांचे मडके लागले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते. तलाठ्याला सांगितले तरी तो वाट दाखवील. असे ताम्रपट काही लोकांनी तांबटाला विकले. त्याने वितळवून भांडी केली. त्यावर काय लिहिले होते, ते आता कुणालाच कळणार नाही.

गड उतरताना ते आजोबा गप्प होते. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, आमच्या विहिरीवर कपडे धुवायचा एक दगड आहे, त्याच्या खालच्या अंगाला काही कोरले आहे असे माझी माय सांगे. दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांच्या गावी गेलो. चार गड्यांनी पहार घालून दगड उलटला. खालच्या अंगाला सूर्य, चंद्र आणि बांगड्या भरलेला एक हात निघाला. तो सतीचा दगड होता. अक्षर एकही नव्हते. गावच्या बायांनी तो पाण्याने धुतला. शेंदूर लावायचा की नाही, यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी शेंदूर न लावता तो मारुतीच्या पाराला टेकून उभा केला. विहिरीवर आता दुसरा दगड आहे.