वहीची शिवण पक्की, तर हिशोब पक्का



पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे : नियमित लेखे. पण लिहिलेलं पानच गळून पडलं तर? समजा, एका ताईंनी कर्जाचा हप्ता भरला, नोंद झाली आणि पुढे वहीची पिन गंजून ते पान हरवलं. हप्ता भरला की नाही, यावरून वाद होणारच. गटातला विश्वास एकदा उसवला की पुन्हा शिवायला फार वेळ लागतो. म्हणून आज आपण वही शिवायला शिकू.

कागद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. जुन्नरला पूर्वी हातकागद बनायचा. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. आपल्या इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ तर कागदाचा मोठा कारखानाच आहे.

साहित्य : कोरे कागद, कव्हरला जाड कागद, दाभण, सुई, जाड सुती दोरा आणि मेणबत्ती. दोऱ्यावरून मेणबत्ती दोनदा फिरवा, म्हणजे दोरा गुंतत नाही आणि गाठ सैल होत नाही.

१) तीन भोकांची शिवण (पातळ वहीसाठी)
आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घाला. ३२ पानी वही तयार. बाहेरून कव्हर घाला. घडीवर मधोमध एक आणि दोन्ही टोकांपासून तीन बोटं आत एकेक भोक पाडा. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, थोडा दोरा आत शिल्लक ठेवा. वरच्या भोकातून आत या, सरळ खालच्या भोकातून बाहेर जा, पुन्हा मधल्या भोकातून आत या. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टोक ठेवून गाठ मारा.

२) साखळी शिवण (जाड वहीसाठी)
पाच-पाच कागदांच्या सहा घड्या केल्या की १२० पानं होतात. सगळ्या घड्यांना एकाच मापाने भोकं पाडा. पुढची घडी जोडताना प्रत्येक भोकापाशी सुई खालच्या टाक्यामागून ओवून घ्या. भरतकामातल्या साखळी टाक्यासारखीच वीण दिसते. इजिप्तमधले जुने कॉप्टिक ग्रंथ असेच शिवलेले आहेत. ही वही सपाट उघडते, त्यामुळे लिहिणं सोपं जातं.

३) बाजूची शिवण (सुट्या पानांसाठी)
पावत्या किंवा मुलांच्या वह्यांची उरलेली कोरी पानं एकावर एक रचा. कडेपासून एक बोट आत भोकं पाडून आरपार शिवा. ही वही पूर्ण उघडत नाही, म्हणून शिवणीकडे दोन बोटं जागा कोरी सोडा.

आता महत्त्वाचं. घडीच्या वहीत प्रत्येक पानाचं एक जोडपान असतं. कुणी एक पान फाडलं, की त्याचं जोडपान सुटतं आणि गडबड लगेच कळते. वही नवी असतानाच सगळ्या पानांवर नंबर टाका. पहिल्या पानावर एकूण पानं लिहून अध्यक्ष, सचिव दोघींच्या सह्या घ्या.

पुढच्या बैठकीत आपल्या गटाची वही उघडा आणि पानं मोजा. सगळी आहेत ना?