नाताळ ठरलेला, मग ईस्टर का हलतो?



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका लहान मुलीने विचारले, ‘‘नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. मग ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये का?’’ आम्ही मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी म्हणाले, ‘‘कॅलेंडरात तसे छापलेले असते.’’ कोणी म्हणाले, ‘‘मोठी झालीस की कळेल.’’ खरे तर उत्तर आम्हांलाच ठाऊक नव्हते. आपल्या श्रद्धेचा कणा असलेल्या सणाची तारीख कशी ठरते हे आपल्याला सांगता येऊ नये, याची आम्हांला लाज वाटली. म्हणून हा छोटासा अभ्यास. आपणही तो घरी मुलांबरोबर वाचावा.

नियम काय आहे?

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची. त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार घ्यायचा. २०२५ साली नेमके तसेच झाले. पौर्णिमा रविवारी, १३ एप्रिलला होती, म्हणून ईस्टर २० एप्रिलला आला.

या नियमामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी किंवा २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही. २२ मार्चचा ईस्टर शेवटचा १८१८ साली झाला. पुढचा २२८५ साली आहे, तो आपल्यापैकी कोणी पाहणार नाही. २५ एप्रिलचा ईस्टर १९४३ साली झाला होता. तो पुन्हा २०३८ साली येईल. आज धर्मशिक्षणाला येणारी मुले तेव्हा मोठी झालेली असतील, त्यांनी हे लक्षात ठेवावे!

चंद्राचा काय संबंध?

प्रभू येशूचे दुःखसहन वल्हांडण सणाच्या दिवसांत घडले, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. वल्हांडण म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण. यहुदी लोकांचा महिना नव्या चंद्रापासून सुरू होतो आणि वल्हांडण निसान महिन्याच्या मध्यावर येतो. म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास. आपल्या पंचांगातील शुद्ध पक्ष मोजावा तसेच हे गणित आहे.

म्हणून गेथसेमाने बागेतली ती रात्र अमावास्येची काळोखी रात्र नव्हती. आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र होता. तरीही प्रभूला धरायला आलेले लोक मशाली आणि कंदील घेऊन आले होते, असे संत योहान लिहितो.

मग तो काळोख ग्रहणाचा होता का?

प्रभू क्रुसावर असताना तीन तास काळोख पडला, असे आपण वाचतो. ते सूर्यग्रहण असावे असे काहींना वाटते. परंतु सूर्यग्रहण फक्त अमावास्येलाच होऊ शकते, आणि वल्हांडण तर पौर्णिमेचा. शिवाय खग्रास सूर्यग्रहणातला पूर्ण काळोख एका ठिकाणी साडेसात मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही.

शेजाऱ्यांची होळी आणि कोळी बांधवांचे उधाण

आपला ईस्टर बहुतेक वेळा होळी पौर्णिमेनंतर किंवा चैत्र पौर्णिमेनंतर येतो. २०२४ साली धूळवड २५ मार्चला, आपल्या पवित्र आठवड्यातच होती आणि ३१ मार्चला ईस्टर झाला. आपल्या कोळी बांधवांना हे सांगायला नको. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण येते, हे त्यांना लहानपणापासून माहीत असते. पवित्र आठवडा पौर्णिमेच्या आसपासच येत असल्याने तोही उधाणाचाच काळ असतो.

तारखेवरून मतभेद

सुरुवातीच्या काळात आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोक निसानच्या १४ तारखेला, मग वार कोणताही असो, हा सण पाळत. रोममध्ये तो रविवारीच होई. सुमारे १५५ साली स्मर्नाचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प रोमला पोप अनिसेटस यांना भेटले. दोघांचेही एकमत झाले नाही. तरी पोप महोदयांनी पॉलिकार्प यांना आदराने मिस्सा अर्पण करू दिली आणि दोघे शांतीने एकमेकांचा निरोप घेऊन गेले. पुढे ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेने सर्वांनी हा सण एकाच दिवशी पाळावा असे ठरविले.

दहा दिवस गेले कुठे?

जुन्या ज्युलियन कॅलेंडरचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. शतकानुशतके हा फरक साचत गेला आणि दिवस-रात्र समान होण्याचा दिवस २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे सरकला. म्हणून १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले. येशूसंघीय गणिती धर्मगुरू क्लाव्हियस यांनी या कामात मोठा वाटा उचलला. त्या वर्षी गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर एकदम शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. नेमक्या त्याच रात्री स्पेनमध्ये अविलाची संत तेरेजा देवाघरी गेली. तिचा सण आपण १५ ऑक्टोबरला पाळतो.

पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा ईस्टरसाठी अजून जुने कॅलेंडर मानतात. त्यामुळे २०२४ साली त्यांचा ईस्टर ५ मे रोजी झाला. २०२५ साली मात्र त्यांचा आणि आपला ईस्टर एकाच दिवशी आला.

झटपट उत्तरे

• राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. परंपरेप्रमाणे त्यातील सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून ४० उरतात.

• पेंटेकॉस्ट म्हणजे पन्नासावा दिवस. ईस्टर हलला की तोही हलतो.

• देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा सण २५ मार्चला, म्हणजे नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी असतो. २०१६ साली त्याच दिवशी गुड फ्रायडे आला, म्हणून तो सण ४ एप्रिलला पाळला गेला.

त्या मुलीला आता आम्ही असे सांगू: ‘‘बाळ, ईस्टर उगाच हलत नाही. वल्हांडणाच्या चंद्रामागून तो चालतो, म्हणून तारीख बदलते.’’ येत्या पवित्र गुरुवारी रात्री आराधना संपवून घरी जाताना मुलांना अंगणात थांबवा आणि चंद्र दाखवा. थोडा कमी किंवा जास्त दिसेल, एखादे वेळी उशिरा उगवेल. गेथसेमाने बागेत प्रभू प्रार्थना करीत होता तेव्हा हाच चंद्र वर होता, एवढे त्यांना सांगितले तरी पुरे.