पोच मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका

पुण्यातली नोकरी सोडून मी साताऱ्याला परत आले, तेव्हा मागे एक पगाराचं खातं राहिलं. देशभर शाखा असलेल्या एका मोठ्या बँकेतलं, कंपनीने उघडून दिलेलं, दुसरी खातेदार म्हणून आईचं नाव घातलेलं. पगार जमा होत होता तोवर त्याला किमान शिलकीची अट नव्हती. पगार थांबला की काही महिन्यांनी बँक अशा खात्याला साधं बचत खातं मानते आणि मग महिन्याची सरासरी शिल्लक राखावी लागते. शहरी शाखेत ती अनेक खासगी बँकांत दहा हजारांच्या घरात किंवा त्याहून जास्त असते. एवढी रक्कम तिथे अडकवून ठेवण्याचं मला काहीच कारण नव्हतं, म्हणून खातं बंद करायचं ठरवलं. नोकरी बदलणाऱ्या बहुतेकांच्या मागे असं एखादं खातं राहतं. त्यांना माझ्यासारखे हेलपाटे पडू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साताऱ्याच्या शाखेत गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमची होम ब्रँच पुणे दाखवतेय. बंद करायचं तर तिकडेच जावं लागेल." या बाबतीत प्रत्येक बँकेची पद्धत वेगळी असते. काही बँका कोणत्याही शाखेत अर्ज घेतात, काहींना मूळ शाखाच लागते. काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर विसंबून प्रवासाला निघू नका. बँकेच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, कोणती कागदपत्रं लागतील आणि अर्ज कुठे द्यायचा हे लेखी विचारा. बऱ्याच बँकांत आधी खातं जवळच्या शाखेत बदलून घेता येतं आणि मग तिथेच बंद करता येतं. वयस्कर माणूस खातेदार असेल तर हा मार्ग पहिल्यांदा तपासा.

संयुक्त खात्यात रोजचे व्यवहार एकाच्या सहीने चालत असले, तरी बंद करताना बहुतेक बँका सगळ्या खातेदारांच्या सह्या मागतात. मी फॉर्मवर आईची सही घरीच घेतली आणि पुण्याला गेले. सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला. खातं उघडलं तेव्हा आईचा हात चांगला होता, आता तो कापतो. मग आईला घेऊन गाडीने पुण्याला जाणं आलं. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवरची जुनी सही बघितली, आईच्या हातात पेन दिलं आणि कोऱ्या कागदावर सह्या करायला लावल्या. आई प्रत्येक सहीनंतर मान वर करून त्याच्याकडे बघायची, तो मान हलवायचा, ती पुन्हा पेन टेकवायची. 'कुलकर्णी'मधला रफार दर वेळी वेगळ्याच जागी पडत होता. मागे रांग खोळंबलेली. शेवटी आई हळूच म्हणाली, "अगं, माझंच नाव आहे ना ते?" चाळीस वर्षं शाळेत मुलांना अक्षर शिकवलेल्या बाईला स्वतःच्या नावासाठी असं उभं करणं मला आजही सहन होत नाही.

त्यापायी मी तिथेच नियम शोधून वाचले, आणि ते प्रत्येकाच्या घरी माहीत असायला हवेत. वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे सही करता येत नसेल तर बँकेने अंगठ्याचा ठसा घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकानुसार ज्येष्ठ आणि दिव्यांग ग्राहकांना काउंटरवर प्राधान्य मिळायला हवं. सत्तरीच्या पुढच्यांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, केवायसीची कागदपत्रं, हयातीचा दाखला अशा कामांसाठी घरपोच सेवा देण्याची व्यवस्था बँकांनी करायची आहे. खातं बंद करणं त्या यादीत नाही, पण सही नव्याने नोंदवून घेण्यासाठी अधिकाऱ्याला घरी पाठवा, अशी विनंती लेखी करायला हरकत नाही. आईची नवी सही त्या दिवशी शाखा व्यवस्थापक बाईंनी नोंदवून घेतली. मी नियमाचा उल्लेख केल्यावर त्यांनी स्वतः उठून आईला खुर्ची दिली, हेही सांगायला हवं.

अर्ज दिला, पासबुक, उरलेले चेक आणि कापलेलं डेबिट कार्ड जोडलं, आणि पोच मागितली. "पोच देण्याची पद्धत नाही, सिस्टीमला नोंद होते," असं त्या मुलाने सांगितलं. मी पुन्हा मागितली, त्याने पुन्हा तेच सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. काही आठवड्यांनी मोबाइलवर मेसेज आला: किमान शिलकीपोटी दंड वजा. शाखेत फोन केला तर असा अर्ज आलेलाच नाही म्हणाले. आईचे सगळे कष्ट एका वाक्यात पाण्यात गेले.

म्हणून सगळ्यात कळकळीने सांगायचं ते हे. अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा उल्लेख अर्जातच करा: किती चेक, त्यांचे क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे. काउंटरवर नकार मिळाला तर व्यवस्थापकांकडे जा. तिथेही नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याच दिवशी स्कॅन करून बँकेच्या अधिकृत ईमेलवर टाका. पोच मागताना संकोच वाटू देऊ नका, तो आपला हक्क आहे. दुसरा अर्ज मी असाच दिला. निळ्या गोल शिक्क्याची ती प्रत दाखवल्यावर "अर्ज आलेला नाही" हे वाक्य मला परत ऐकावं लागलं नाही.

अडचण मात्र संपली नव्हती. या वेळी काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. खात्यावर 177 रुपयांचा लिअन, म्हणजे तेवढ्या रकमेवर बँकेने धरलेला हक्क, आणि तो असेतो सिस्टीम खातं बंद करू देत नव्हती. डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क 150 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 27. कार्ड मी आधीच जमा केलेलं होतं! पहिल्या अर्जानंतर लागलेलं हे शुल्क आणि दंड दोन्ही मी लेखी मागणी करून परत मिळवले. तुमच्या खात्यात असं काही दिसलं तर आकारणीची तारीख आणि तुमच्या अर्जाची तारीख शेजारी शेजारी लिहून दाखवा. त्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

दंडाबद्दल आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एप्रिल 2015 पासून लागू असलेल्या नियमानुसार शिल्लक कमी पडल्याचं बँकेने आधी कळवायला हवं, भरपाईला किमान महिन्याची मुदत द्यायला हवी, दंड जेवढी तूट त्या प्रमाणात हवा आणि केवळ या दंडामुळे बचत खातं उणे शिलकीत जाता कामा नये. खातं बंद करायला गेलेल्या माणसाला "तुमचे उणे इतके झालेत, आधी ते भरा" असं सांगितलं गेलं, तर हा नियम पुढे करा. खातं बंद करण्याचं शुल्कही विचारून घ्या. उघडून वर्ष उलटलं असेल तर बहुतेक बँका ते घेत नाहीत.

तक्रारीचा रस्ता सरळ आहे, तो वापरायला कचरू नका. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तिचा क्रमांक जपायचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. 2021 पासून देशभरासाठी ही एकच योजना आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. माझं काम लोकपालापर्यंत गेलं नाही. पोचेच्या प्रतीसह बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल केल्यावर शाखेतूनच फोन आला.

अर्ज देण्याआधीची तयारीही महत्त्वाची. त्या खात्यातून काय काय जातं आणि त्यात काय काय येतं ते वर्षभराच्या स्टेटमेंटवरून बघा. विम्याचे हप्ते, एसआयपी, फास्टॅग, डीमॅट, पीएफच्या नोंदीतलं खातं, प्राप्तिकराचा परतावा. सरकारी अनुदान ज्या खात्याला आधार जोडलेला असतो तिथे जातं. गॅसचं अनुदान असो, पीएम-किसानचा हप्ता असो की लाडक्या बहिणीचे दीड हजार, आधी नवीन खात्याला आधार जोडून घ्या, एखादी रक्कम तिथे आलेली बघा, मगच जुनं बंद करा. गरजू घरात अडकलेला एक हप्ताही महिन्याचं गणित मोडतो.

आणि वर्षानुवर्षं पडून असलेल्या खात्याची भीती बाळगू नका. दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. 1 एप्रिल 2024 पासून अशा खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायला शुल्कही नाही. दहा वर्षं उलटली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण आपल्याच बँकेकडे मागणी करून ती परत मिळते. आईवडिलांची अशी खाती शोधायला 'उद्गम' हे संकेतस्थळ आहे.

आमचं खातं बंद झालं, व्याजासह शिल्लक साताऱ्याच्या खात्यात आली. तरी मी लेटरहेडवर पत्र मागून घेतलं: खाते क्रमांक, बंद केल्याची तारीख, दिलेली रक्कम, येणं-देणं काही नाही. पुढे कार्डाच्या शुल्काचा आणखी एक मेसेज आला, तेव्हा त्या पत्राची प्रत पाठवून विषय मिटवला. एक काम मात्र खातं चालू असतानाच उरका. सगळी जुनी स्टेटमेंटं उतरवून घ्या, कारण खातं गेलं की नेटबँकिंगही जातं. ज्या आर्थिक वर्षात खातं बंद केलं, त्या वर्षाच्या प्राप्तिकर विवरणपत्रात ते आणि त्यावरचं व्याज दाखवावं लागतं, आणि तेव्हा हीच स्टेटमेंटं लागतात.