दूरचा संगणक, नेरचा विद्यार्थी

यवतमाळ–अमरावती मार्गावरील नेर येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यास लिनक्स शिकण्यासाठी महागडा संगणक आता आवश्यक राहिलेला नाही. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली ही मुक्त प्रणाली आज जगातील असंख्य सर्व्हर चालविते. त्यांची निगा राखणे हा प्रतिष्ठेचा व्यवसाय झाला आहे.

‘गूगल क्लाउड शेल’ या सुविधेत साध्या ब्राउझरमध्येच लिनक्सचे टर्मिनल उघडते. आठवड्यास ५० तास व ५ जीबी साठवण विनामूल्य मिळते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत.

एक पाठ पाहू. फाइल वाचण्याच्या अधिकारास ४, लिहिण्याच्या अधिकारास २ व चालविण्याच्या अधिकारास १ असे अंक आहेत. प्रश्नपत्रिकेच्या फाइलीस ‘सीएचमॉड ६४०’ ही आज्ञा दिल्यास ती काढणारा शिक्षक वाचू व लिहू शकतो. त्याच्या गटातील सहकारी केवळ वाचू शकतात. इतरांस मज्जाव होतो. असे पाठ वाचून नव्हे, स्वतः आज्ञा देऊनच अंगवळणी पडतात.

मात्र सावधगिरी हवी. काही कंपन्या विनामूल्य खात्यासाठीही बँकेचे कार्ड मागतात. मर्यादा ओलांडल्यास देयक येऊ शकते. म्हणून प्रारंभ कार्डाविना मिळणाऱ्या सुविधेपासून करावा.

पंचायत सदस्यांनी गावातील एक संगणक सायंकाळी दोन तास खुला ठेवावा आणि शिक्षकांनी सरावाची नोंदवही तपासावी. विनामूल्य खाते नोकरी देत नाही. नियमित सराव मात्र तिच्या दारापर्यंत नेतो.