गंज म्हणजे लोखंड नव्हे

आजचं वाचन : धम्मपद, मलवग्ग, गाथा २४०



या गाथेत लोखंड आणि गंज यांचा दृष्टांत आहे. लोखंडातून उपजलेला गंज लोखंडालाच खातो. माणसाचं स्वतःचं कर्मही त्याला तसंच खाली नेतं. गाथा मी पुष्कळदा वाचली होती. कळली मात्र गेल्या रविवारी, माळ्यावरून आईची विळी काढली तेव्हा.

आई गेल्यापासून दोन पावसाळे ती तशीच पडून होती. पातं तांबडं झालेलं, बोट लावलं की भुगा पडायचा. वाटलं, संपलं, लोखंड राहिलंच नाही.

पण गंज ही वेगळीच वस्तू आहे. लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून ती बनते. लोखंड चिवट, चुंबकाला चिकटणारं. तांबडा गंज ठिसूळ, चुंबकाला जवळजवळ दाद न देणारा. आणि गंजाने वजन वाढतं! ११२ ग्रॅम लोखंडाचं कोरडं तांबडं ऑक्साइड १६० ग्रॅम भरतं. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो घट्ट बसतो आणि आतला धातू राखतो. गंज फुगतो, सुटतो, ओल आत जाऊ देतो. म्हणून तो आपणहून थांबत नाही.

धाकट्या भावाशी माझा दोन वर्षं अबोला आहे. आईच्या दवाखान्याच्या खर्चावरून तो एक शब्द बोलून गेला. राग त्यानेच दिला, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं बघता शब्द पावसासारखा बाहेरून आला. राग बनला तो माझ्याच मनाचा. मन जड होत गेलं आणि मला वाटलं, आपण खंबीर होतोय.

विळीला चिंच लावली, घासली, धुऊन कोरडी केली. खालून लोखंड निघालं. पातं झिजलंय, गंजात गेलेलं परत आलं नाही. पण उरलंय ते लोखंडच. तेलाचा हात फिरवून ठेवलंय.

मी म्हणजे माझा राग नव्हे. भाऊ म्हणजे तो एक शब्द नव्हे. संध्याकाळी त्याला फोन केला. त्याने उचलला नाही. आज पुन्हा करणार आहे.

आजचा संकल्प : ज्याच्याशी बोलणं थांबलंय, त्याला आजच एक फोन करू या. उशीर केला तर पातं आणखी झिजेल.

सर्वांचं मंगल होवो.